गाडी विकली, तुला सांगायचं राहिलं होतं

प्रिय दोस्ता,

राम राम. आईचा तुला जय ख्रिस्त.

परवा रात्री पावणेबाराला तुझा फोन आला, मला वाटलं नव्या फ्लॅटच्या पार्टीचं बोलशील, तर तू झोप लागत नाही म्हणायलास, हप्ता, पार्किंग, वरच्या मजल्यावरच्याचं इंटिरियर कसं भारी आणि आपलं कसं साधं... मी नुसता हं हं करत होतो, शेजारी पोरगी झोपलेली. शेवटी तू विचारलंस, लेका तू कसा काय एवढा निवांत? म्हणून हे लांबलचक लिहायलोय. आज मिल बंद आहे.

निवांत बिवांत काही नव्हतो रे. समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनींच्या मावेजाचे पैसे आले तेव्हाचं आठव, जालन्याच्या आसपास ज्याची जमीन गेली त्याच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली. आमच्याकडं गुंठाभर जमीन नाही, जाणार काय कप्पाळ! पण मेव्हण्याच्या दारात गाडी आली अन् माझ्या पोटात दुखायला लागलं. पगार एकवीस हजार, त्यात साडेआठ हजाराचा हप्ता करून सेकंडहँड गाडी घेतली. चर्च घरापासून चालत दहा मिनिटं, तरी रविवारी गाडी काढायचीच. गल्ली एवढी बारीक की रिव्हर्स घेण्यातच सात-आठ मिनिटं जायची, वरून कडुनिंबाखाली उभी म्हणून सगळ्या बॉनेटवर कावळ्यांची घाण. आई मागं बसून काच खाली करायची, मी एसी लावलाय म्हणून वर करायचो, पुन्हा ती खाली.

आमच्या हार्वेस्टच्या सणाला तू लहानपणी आला होतास बघ. लोक घरचं काय काय आणतात, ज्वारी, भोपळे, कोंबडी, अन् उपासना झाली की लिलाव. त्या वर्षी मी एक भोपळा आठशे रुपयाला घेतला, का तर समोर बोली लावणारा मेव्हणा होता. घरी गॅस उधारीवर आलेला. त्याच लिलावात एक आत्या, बियाण्याच्या कंपनीत निवडायच्या कामाला जाते, तिनं एक अंडं आणलेलं. एकच. कुणीतरी पन्नासला घेतलं अन् परत टेबलावर ठेवलं, दुसऱ्यानं साठला घेतलं, परत ठेवलं, असं करत करत त्या एका अंड्याचे तीनशे दहा रुपये झाले. आत्या तोंडाला पदर लावून नुसती हसत होती. मी मात्र भोपळा डिकीत टाकून गुपचूप घरी. चार दिवस भोपळाच खाल्ला, बायको अजून भोपळ्याचं नाव निघालं की माझ्याकडं बघते.

पण लगेच डोळे बिळे काही उघडले नाहीत, खोटं कशाला सांगू. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मिल बंद पडली, हप्ता पुढं ढकलायची सवलत मिळाली पण व्याज चढतच होतं. तेव्हा रोज संध्याकाळी घरात प्रार्थना व्हायची, एके दिवशी आईनं बायबलमधलं पौलाचं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र काढलं. शंभरदा ऐकलेलं. पण तो माणूस हे तुरुंगातून लिहितो, अन् म्हणतो की भरल्या पोटी कसं राहायचं अन् उपाशी कसं राहायचं ते मी शिकलोय. शिकलो म्हणतो बघ! मला एकदम आयटीआय आठवलं, सहा महिने कानस घेऊन लोखंडाचा ठोकळा घासायचा, काटकोन बघायचा गुण्या लावला अन् फटीतून उजेड दिसला की मास्तर परत घासायला लावायचे. समाधान हे पण असं घासून घासून येत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मला वाटायचं ते काहींना जन्मताच असतं, आईसारखं.

अन् खरी लाज पुढं. त्याच्या लगेच खालची ओळ आहे, मला बळ देणाऱ्याच्या जोरावर मी सगळं करू शकतो. हीच ओळ मी गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवली होती! सोनेरी अक्षरात, दीडशे रुपये देऊन. तो बोलतोय उपाशी राहायचं, अन् मी लावलीय कर्जाच्या गाडीला.

त्या रात्री अंगणात बसून पहिल्यांदा आपल्या शब्दांत प्रार्थना केली. देवा हप्ता माफ करव असं नाही म्हणालो (खरं तर आधी तेच म्हणालो), नंतर एवढंच म्हणालो की माझी ही मेव्हण्याकडं बघायची खोड काढ.

आजीचे लोक बेथेलचे, जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव. ब्राह्मण माणूस, १८४३ ला बाप्तिस्मा घेतला अन् पुढं इकडं निजामाच्या मुलखात येऊन मांगांच्या वस्तीतल्या लोकांसोबत राहिला. त्या लोकांकडं होतं काय? तरी आजी बेथेलच्या गोष्टी अशा सांगायची की जणू वाड्यात वाढली. तुझे आजोबा वारकरी, तेही तुकोबांचं नाव घेऊन असंच काहीतरी सांगायचे ना? आमचे नारायण वामन टिळक तर म्हणायचेच की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. त्यामुळं तुला धर्म शिकवायलोय असं समजू नको.

अन् समाधान म्हणजे गप बसणं पण नाही हं. मागच्या वर्षी ओव्हरटाइम कापला तर मी सगळ्यांच्या पुढं जाऊन भांडलो अन् घेतला.

गाडी विकली. तोट्यातच गेली, पण कर्ज फिटलं. आता आई अन् मी चालत जातो, वाटेत तिला प्रत्येक दारात थांबायचं असतं म्हणून दहा मिनिटांचे पंचवीस होतात.

तुझा फ्लॅट विक असं मी म्हणत नाही, एवढंच म्हणतो की जानेवारीत दोन दिवस ये, हुरडा असेल, मेव्हण्याच्याच शेतात. काल स्प्लेंडरवरून येताना शोरूमसमोर आपोआप ब्रेक लागला माझा, नवं मॉडेल आलंय, लाल रंगाचं. पाच मिनिटं उभा होतो. आल्यावर तुला पण दाखवतो.

तुझाच,
जालनेकर