फॉस्टर सर, त्या एका प्रश्नासाठी थँक्यू

कार्ल फॉस्टर सरांना नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही आणि तुम्हाला मराठी वाचता येणार नाही हे पण माहितीये, तरी लिहितोय. मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या ग्राउंडवर पहाटे साडेपाचला मुलींना पळवतो, 800, 1500, 3000 मीटर असे इव्हेंट, सोळा मुली, एक स्टॉपवॉच, आणि ट्रॅक म्हणाल तर पावसाळ्यात चिखल न उन्हाळ्यात फुफाटा. तुम्ही खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, आणि तुमचं ला क्रॉसचं विद्यापीठ मी फक्त मॅपवर बघितलंय, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये, मिसिसिपी नदीच्या काठाला.

आधी माझी चूक सांगतो. माझ्याकडे एक पोरगी होती, ग्रुपमधली सगळ्यात तयारीची. प्लॅनमध्ये इझी रन लिहिलेला असायचा आणि ही सगळ्यांच्या पुढे सुसाट, कारण सर बघतायत ना, आणि सर पण येडे, खूश व्हायचे. मग जड सरावाच्या दिवशी रिपिटिशन, म्हणजे तेच अंतर पुन्हा पुन्हा जोरात, मारताना पाय उचलेनात की मी तिला कामचुकार म्हणायचो, सगळ्यांसमोर. नंतर सारखी सर्दी, ताप, चिडचिड, झोप नाही, पाळी थांबली होती ते तर मला तिच्या आईकडून कळलं, ते पण फार उशिरा. एक दिवस ती यायचीच बंद झाली.

त्यानंतर वाचत बसलो तेव्हा तुमचा आणि तुमच्या सहकाऱ्यांचा 2001 चा पेपर सापडला, कोचला सराव कसा वाटतो आणि खेळाडूला कसा वाटतो यावरचा. कोच ज्या दिवसाला हलका म्हणतो तो खेळाडू जड करून टाकतात आणि जड दिवस ठरल्यापेक्षा हलका निघतो. खरं सांगतो, वाचून कानाखाली बसल्यासारखं झालं. हे तर आमच्याच ग्राउंडचं वर्णन होतं.

आणि त्यावरचा तुमचा उपाय किती साधा! सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचं, आजचा सराव कसा गेला, 0 ते 10 मध्ये सांग. तो आकडा गुणिले मिनिटं, झाला त्या दिवसाचा लोड. 60 मिनिटं आणि 4 सांगितलं की 240. मूळ स्केल स्वीडनच्या बोर्ग यांची, पण अख्ख्या सेशनला मिळून एकच आकडा घ्यायचा हे तुमचं. अमेरिकन स्पीडस्केटर्सबरोबर काम केलेला माणूस, हार्ट रेटची मशिनं हाताशी असलेला माणूस, सायकलवाले आणि बास्केटबॉलवाले यांच्यावर हे पडताळून बघतो आणि म्हणतो की विचारलं तरी चालतंय, हे माझ्यासारख्या बिनमशीनवाल्याला केवढं मोठं वाटलं असेल बघा. अर्धा तास का थांबायचं तर शेवटच्या स्प्रिंटची धाप उत्तरात उतरू नये म्हणून. आमच्याकडे तो अर्धा तास भिजवलेले हरभरे खाण्यात जातो.

सुरुवातीला सगळ्या पोरी 5 सांगायच्या, सरांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन. मग मी एकेकीला बाजूला घेऊन विचारायला लागलो आणि कुठल्याच आकड्यावर रागवायचं नाही असं स्वतःला बजावलं, तेव्हा कुठे खरे आकडे यायला लागले. त्यांनी नावं पण पाडलीत, 2 म्हणजे 'काहीच नाय', 7 म्हणजे 'बास करा सर' आणि 10 म्हणजे 'जीव गेला'.

पण सगळ्यात जास्त आभार त्या एकसुरीपणाच्या गणितासाठी. आठवड्याचा रोजचा सरासरी लोड भागिले त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रोजचा लोड सरासरीपासून किती वर-खाली होतो तो आकडा; सगळे दिवस सारखे तितका एकसुरीपणा जास्त. आधी मी सहा दिवस रोज 400 आणि रविवारी सुट्टी असं चालवायचो, एकूण 2400, एकसुरीपणा सव्वादोनच्या वर. आता तेच 2400 मी 700, 150, 650, 150, 650, 100 आणि सुट्टी असं वाटतो, तर तो एकच्या जरा वर येतो, म्हणजे काम तेवढंच आणि लोडला एकसुरीपणाने गुणून जो ताण निघतो तो निम्म्यावर. 1998 मध्ये तुम्ही दाखवलं होतं की खेळाडूंची बरीचशी आजारपणं या आकड्यांनी आपापली मर्यादा ओलांडली की येतात. त्यात तो 1994 चा डच घोड्यांचा प्रयोग, जड दिवस वाढवले तरी घोडे सोसत गेले पण हलके दिवस जड केले तेव्हा कोलमडले, हे मी पालक मीटिंगमध्ये सांगतो. घोडा म्हटलं की आमच्याकडे लगेच पटतं, पोरगी म्हटलं की वेळ लागतो.

हलका दिवस हलकाच राहावा म्हणून तुमच्या विद्यापीठातली टॉक टेस्ट पण उचलली. तुम्ही लोकांना पळता पळता अमेरिकन झेंड्याची शपथ म्हणायला लावायचात ना, आमच्या पोरी 'भारत माझा देश आहे' म्हणतात. आरामात म्हणता आली तर ठीक, 'सारे भारतीय' ला धाप लागली तर स्पीड कमी कर. पहाटे बघणाऱ्याला वाटतं शाळाच भरलीये.

मागच्या मंगळवारी एकीने अर्ध्या तासाच्या साध्या जॉगिंगला 8 सांगितलं. आधीचा मी असतो तर म्हणालो असतो नाटकं करू नको. विचारलं तर कळलं, घरी लग्न होतं, रात्री दोनपर्यंत भांडी घासत होती. दोन दिवस घरी पाठवली, शुक्रवारी आली आणि बाकीच्यांबरोबर नीट पळाली. ती आधीची पोरगी पण एकदा येऊन बसून गेली कट्ट्यावर, पळाली नाही, पण वहीतले आकडे बराच वेळ बघत होती. मी माफी मागितली तिची. ती काही बोलली नाही.

एक शंका राहिलीये सर. सरावाआधी विहिरीवरून पाणी आणणं आणि नंतर भाकऱ्या थापणं हे तुमच्या गणितात कुठे बसवायचं? मी सध्या त्याची मिनिटं 3 ने गुणतोय. चुकत असेन तर कळवा.

तुमचा,
एक तालुक्याचा कोच