संशोधकाच्या घराला हिशेबही कळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून-जुलै उजाडला की आपल्या पानांवर गुणगौरवाचे फोटो सुरू होतात. कुणी पुण्याच्या आयसरला, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत, लागलेले असते, कुणाची नेट-जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठी दरमहा पैसे देणाऱ्या फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा, निघालेली असते. गावाच्या वेशीवर फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होते, आईवडिलांचे डोळे भरून येतात. हे व्हायलाच हवे, त्यात कुणी काटकसर करू नये. पण फ्लेक्स उतरल्यावर जी सहा-सात वर्षे सुरू होतात त्यांच्याबद्दल कुठे काही छापून येत नाही. ज्या घराला सगळ्यात जास्त अभिमान असतो, त्याच घराला आपले लेकरू रोज नेमके काय करते, किती पैशांत करते आणि कशामुळे अडकते हे सगळ्यात कमी माहीत असते. मग तीन वर्षांनी त्याच घरातून "अजून किती दिवस?" असा प्रश्न यायला लागतो. प्रश्न मायेचाच असतो, पण फोनच्या पलीकडे तो फार लागतो. विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गांशी आमचा रोजचा संबंध आहे, म्हणून हा हिशेब मांडतो.

आधी पैसे. नेट-जेआरएफ झालेल्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढची तीन वर्षे, एसआरएफ म्हणजे वरिष्ठ फेलो म्हणून, ४२ हजार मिळतात. त्याआधी हेच आकडे ३१ आणि ३५ हजार होते. वसतिगृह मिळाले नाही तर घरभाडे भत्ता वेगळा. रक्कम वाईट नाही, पण हा पगार नव्हे. यात भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही, ग्रॅच्युइटी नाही. फेलोशिप करमुक्त धरली जाते म्हणून फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कराचा दाखला, मिळत नाही, आणि तो नाही म्हणून बँक गृहकर्जाच्या खिडकीवरून परत पाठवते. पाच वर्षे पूर्ण झाली किंवा थिसिस सादर झाला, यांतले जे आधी होईल त्या दिवशी पैसे थांबतात. हे ज्यांची नेट निघाली त्यांचे. जे एखाद्या प्रकल्पावर लागतात त्यांचे पैसे प्रकल्पाची मुदत संपली की थांबतात, मग काम अर्ध्यावर असो की शेवटच्या टप्प्यात.

पैसे वेळेवर येतात का, हा घराला न पडणारा पण विद्यार्थ्याला रोज पडणारा प्रश्न. हजेरीचा दाखला, घरभाड्याचा दाखला, वार्षिक प्रगती अहवाल ही कागदपत्रे वेळच्या वेळी वर जावी लागतात. एकाने माहिती भरायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची अशी पद्धत असली, की त्यांतला एक जण रजेवर गेला तरी तो महिना राहून जातो. सगळ्यात मोठी खोळंब्याची जागा म्हणजे दोन वर्षांनंतरची बढती. जेआरएफचे एसआरएफ होताना समिती बसते, तीत बाहेरचा तज्ज्ञ लागतो. त्याची तारीख मिळेपर्यंत, इतिवृत्तावर सह्या होईपर्यंत आणि कागद मंजूर होईपर्यंत काही महिने सहज जातात. पुढे थकबाकी एकरकमी मिळते, पण मेसचे बिल आणि खोलीचे भाडे तोवर थांबत नाही. त्या महिन्यांत घरून पैसे मागवावे लागतात. तिशीला आलेल्या माणसाला तो फोन करणे फार जड जाते, आणि घरच्यांना वाटते की मुलगा पैसे उधळतो.

आता वेळ का लागतो ते. नाशिककरांना हे समजावायला द्राक्षाएवढे चांगले उदाहरण नाही. डावणी या द्राक्षवेलीच्या रोगावर एखादे जैविक औषध चालते का, एवढाच प्रश्न घ्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडीबहार, म्हणजे फळासाठीची छाटणी. नव्या फुटीवर डावणी येते ती छाटणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, हवेत ओल असली तर. म्हणजे प्रयोगाची खरी खिडकी वर्षातून एकदाच उघडते. प्लॉटमध्ये तेच औषध तीन-चार ठिकाणी विखरून मारायचे, शेजारी नेहमीचे रासायनिक औषध, आणि काही वेली मुद्दाम काहीच न मारता सोडायच्या. या सोडलेल्या वेलींवर रोग आला तरच औषधाने तो थोपवला असे म्हणता येते. ऑक्टोबर कोरडा गेला, रोगच आला नाही, तर बागायतदार सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि संशोधकाचे वर्ष वाया जाते. अवकाळीबरोबर गार पडली तर दोघांचेही जाते. सगळे सुरळीत झाले तरी एका हंगामाच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही, किमान दोन हंगाम लागतात. त्यांतला एक फुकट गेला की तीन वर्षे गेली, आणि अजून एक ओळही लिहून झालेली नसते. ज्या बापाने गारपिटीत बाग गमावली आहे, त्याला लेकीचे 'वर्ष गेले' म्हणजे काय हे एका वाक्यात कळेल. ते वाक्य कुणी तरी त्याला सांगितले पाहिजे.

(शेतकऱ्याचाही यात वाटा असतो, तो सहसा मोजला जात नाही. औषधाविना सोडलेल्या त्या वेलींचा माल त्याच्या पदरात पडत नाही.)

प्रयोगशाळेच्या आत तऱ्हा वेगळी, पण वेळेचा जाच तोच. दिवाळीला चार दिवस घरी का येत नाही, याचे उत्तर पुष्कळदा एका पेटीत असते. पेशी वाढवायच्या असतील तर ती पेटी (इन्क्युबेटर) ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर ठेवतात. पेशींची बशी दोन-तीन दिवसांत भरते. वेळेवर त्या काढून थोड्या नव्या बशीत टाकल्या नाहीत तर दाटीने त्यांचे वागणे बदलते आणि पुढचे आकडे निरुपयोगी होतात. औषध दिल्यावर ६, १२, २४ आणि ४८ तासांनी नमुने घ्यायचे असतील आणि सुरुवात रात्री आठला झाली असेल, तर पहिला नमुना पहाटे दोनला घ्यावा लागतो. एवढे करून सकाळी पेटी उघडावी आणि काल लाल-गुलाबी असलेले द्रावण पिवळे, गढूळ दिसावे. जिवाणू शिरला. सगळे फेकायचे, पेटी निर्जंतुक करायची, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून जुन्या पेशींची कुपी काढायची आणि त्या कामाजोग्या होईपर्यंत दोन आठवडे थांबायचे. हा तरी डोळ्यांना दिसणारा घात. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाही, द्रावणही गढूळ होत नाही. चाचणी केली की कळते, आणि मग आधीच्या कित्येक आठवड्यांचे निकाल बाद करावे लागतात. असा दिवस गेलेल्या मुलाशी त्या संध्याकाळी लग्नाचा विषय काढू नये, इतकेच आमचे घरच्यांना सांगणे.

थिसिस सादर झाला की घरात पेढे वाटतात. खरी ओढाताण तिथून पुढे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल आल्यावर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होतो, आणि ही सगळी प्रक्रिया सादर केल्यापासून सहा महिन्यांत आटोपावी अशी अपेक्षा आहे. या काळात फेलोशिप बंद झालेली असते आणि पदवी हातात नसते. पदवीवाचून कायम जागेचा अर्ज अडतो. म्हणून दर महिन्याला थोडे बाजूला टाकून किमान सहा महिन्यांचा खर्च पीएच.डी.च्या पहिल्या दिवसापासून साठवायला हवा. नावनोंदणीच्या वेळी ही गोष्ट कुणी सांगत नाही.

त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे करारावरचे संशोधन. एम.एस्सी. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, पीएच.डी. तिशीच्या आसपास, मग देशात किंवा परदेशात दोन-चार वर्षांचा करार, तोही पुष्कळदा वर्षावर्षाने वाढणारा. आयआयटीत नियमित साहाय्यक प्राध्यापक व्हायला पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे पहिली स्थिर नोकरी पस्तिशीच्या सुमाराला. तोवर अंबडच्या कारखान्यात किंवा पुण्याच्या आयटीत लागलेल्या वर्गमित्राच्या फ्लॅटचे निम्मे हप्ते फिटलेले असतात. स्थळ पाहायला आलेले "मुलगा काय करतो?" विचारतात आणि घरचे अवघडून "शिकतोय" म्हणतात. हे उत्तर चुकीचे आहे. तो शिकत नाही, काम करतो. त्याचे शोधनिबंध जग वाचते. घरच्यांनीच हा शब्द बदलावा.

मुलींच्या बाबतीत ही दहा-बारा वर्षे नेमकी लग्न आणि बाळंतपणाच्या वर्षांवर येतात. नियमांनी थोडी जागा ठेवली आहे: पीएच.डी.ची मुदत सहा वर्षे, त्यावर दोन वर्षांची वाढ आणि स्त्रियांना आणखी दोन. शिवाय पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. पुष्कळ सासरी आणि माहेरीही हे ठाऊक नसते आणि 'आता जमणार नाही' असे परस्पर ठरून जाते. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, तरी शहराने तो अभिमान मिरवला. त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर स्वतः गणिताच्या विदुषी. लग्नाआधी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या या बाईंनी पीएच.डी. मिळवली ती १९८१ मध्ये, संसाराची दीड दशके सांभाळून. ती मधली वर्षे कुठल्याही गौरवपत्रात मोजली जात नाहीत. उलट, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या, त्यांचे वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. प्रयोग का फसतो हे त्या घरात सांगावे लागले नसेल. आपल्याकडच्या पुष्कळ मुली घरातल्या पहिल्याच पदवीधर असतात, त्यांच्यासाठी हे काम समाजाने करायचे आहे.

घराला करता येण्याजोगी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कंपनीत लागलेल्या मुलाच्या गटविम्यात पुष्कळदा आईवडीलही येतात, फेलोशिपमध्ये तशी सोय धरून चालू नये. आईवडिलांचा आरोग्यविमा मुलाच्या पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी काढावा. मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार नोंदवले तर त्यांच्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. तो चौथ्या वर्षाच्या आत, म्हणजे कामाचा सगळ्यात ताणाचा काळ यायच्या आधी, संपलेला असतो. एका दवाखान्याच्या बिलापायी संशोधन सुटायची वेळ येते, ती अशी टाळता येते. फोनवर "कधी संपणार?" ऐवजी "या महिन्याचे पैसे आले का?" आणि "कोणता प्रयोग चालू आहे?" एवढे विचारावे. धाकट्या भावंडाने घराची जबाबदारी उचललेली असते, त्याचे नाव सत्काराच्या व्यासपीठावरून मोठ्याने घ्यावे.

शेवटी शहराकडे एक मागणी. गुणगौरव करणारी मंडळे, समाजाच्या संस्था, माजी विद्यार्थ्यांचे गट यांनी सत्काराच्या खर्चातून एक बिनव्याजी फिरता निधी उभा करावा. एका जेआरएफला तीन महिन्यांचा आधार द्यायला १ लाख ११ हजार लागतात. पाच जणांना ५ लाख ५५ हजार. कागद थोडेच मागावेत: रुजू झाल्याचे पत्र, फेलोशिपची शेवटची रक्कम जमा झाल्याची पासबुकातली नोंद, आणि रक्कम अडकल्याचे गाईडच्या (संशोधन-मार्गदर्शकाच्या) सहीचे पत्र. थकबाकी एकरकमी येते, त्यामुळे परतफेडही एकरकमी होऊ शकते आणि तोच पैसा पुढच्या मुलाला देता येतो. थिसिस सादर झाल्यावरच्या महिन्यांसाठी मात्र थकबाकी येत नाही. तिथे परतफेड नोकरी लागल्यावर, हप्त्याने ठेवावी.

आणि आपल्या दैनिकाला विनंती ही, की २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी मान्यवरांच्या भाषणांच्या बातम्यांशेजारी अर्धे पान फेलोशिपचे चालू दर, त्यांच्या मुदती आणि रजेचे नियम यांना द्यावे. ते कात्रण एम.एस्सी.च्या पालकसभेत वाटायचे काम आम्ही करू.

आपले,
विज्ञान विषयांचे काही शिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक