'अपेक्षा'च्या रकान्यात आकडेही हवेत

संपादक महोदय,

तुळशीचं लग्न लागलं की वधू-वर सूचक मंडळांत फॉर्म भरायची गर्दी सुरू होते. गोत्र, रास, नाडी, उंची, पगार, स्वतःचा फ्लॅट, सगळ्याला रकाना असतो. 'अपेक्षा' या रकान्यात मात्र 'समजूतदार, निर्व्यसनी, कुटुंबवत्सल' हे ठरलेले तीन शब्द. ते वाचून नाही कोण म्हणणार?

कुटुंबवत्सल मुलाला दर महिन्याला गावी पंधरा हजार पाठवायचे असतात. कुटुंबवत्सल मुलीला पुढेमागे आईला डोंबिवलीहून आपल्याकडे आणायचं असतं. दोघंही खोटं बोललेले नसतात, आणि तरी पहिल्या दिवाळीचा बोनस हातात पडला की वाजतं. म्हणून विवाहपूर्व समुपदेशनात आम्ही नुसत्या मूल्याच्या नावावर थांबत नाही. दोघांनी वेगवेगळं बसून आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या तीन-तीन गोष्टी लिहायच्या. प्रत्येकीपुढे महिन्याला रुपये किती, आठवड्याला तास किती आणि काय झालं तरी सोडणार नाही ते काय. मग कागद बदलायचे. वाचणाऱ्याने आधी एकच विचारायचं, 'हे तुला एवढं महत्त्वाचं का वाटतं?' उत्तर ऐकून ते आपल्या शब्दांत सांगायचं. समोरचा 'बरोबर' म्हणाला की मगच आपली बाजू. हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, कारण ऐकताना आपण मनात प्रत्युत्तर जुळवत असतो.

वाक्य कसं सुरू होतं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. कॅरेर आणि गॉटमन या अमेरिकी संशोधकांनी १९९९ साली १२४ नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या सहा वर्षांत कोण वेगळं होईल, याची चिन्हं त्यांना वादाच्या पहिल्या तीन मिनिटांतच दिसली होती. 'आमच्याकडे असं चालत नाही' म्हटलं की एका माणसामागे अख्खं खानदान उभं राहतं, मग समोरचाही आपलं बोलावून घेतो. 'तुला घराची किंमतच नाही' हा तर थेट निकाल. त्यावर फक्त बचाव करता येतो. त्याऐवजी 'रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवावं असं मला फार वाटतं, महिन्यातले दोन रविवार जमतील का?' असं विचारलं, तर हो, नाही किंवा 'एक जमेल' असं काहीतरी उत्तर येतं.

मुंबईत आणखी एक अडचण जागेची. विरार लोकलमधून लोंबकळत आलेल्या माणसाला दारातच हा विषय काढू नये. वन रूम किचनमध्ये पडद्यापलीकडे सासू-सासरे असले की दोघं एकमेकांशी कमी आणि पडद्याशी जास्त बोलतात. शिवाजी पार्कचा कट्टा त्यापेक्षा बरा. आवाज चढला तर निदान वीस मिनिटं थांबावं, पण 'साडेनऊला पुन्हा बोलू' असं सांगून. नाहीतर त्या थांबण्याचा अर्थ अबोला असाच घेतला जातो.

काही बाबतींत मधला मार्ग नसतोच. मूल हवं की नको, आई-वडिलांसोबत राहायचं की वेगळं, घरात मासळी शिजणार की नाही. विशेष विवाह कायद्यानुसार (१९५४) नोंदणी विवाह करायचा तर लग्नाच्या नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, तेवढा विचाराला वेळ मिळतो खरं, पण तोवर हॉलची आगाऊ रक्कम भरून झालेली असते. हे प्रश्न साखरपुड्याआधीच विचारावेत. आणि जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, मारहाण होते, तिथे हा कागद काढूच नये. मन मोकळं करणं तिथे धोक्याचं ठरू शकतं. अशा वेळी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

सूचक मंडळांना आमची विनंती एवढीच: नाडीचा रकाना हवा तर राहू द्या, पण त्याखाली तीन ओळी वाढवा. दोन्हीकडच्या आई-वडिलांना दरमहा किती देणार, लग्नानंतर कोणाकोणासोबत राहणार, मूल हवं की नको याबद्दल काय ठरवलं आहे. आणि या ओळी मुला-मुलीने स्वतःच्या हाताने भराव्यात, वडिलांनी नव्हे.

– दोन विवाह समुपदेशक, दादर, मुंबई