नमुना: रक्त

प्रिय मैत्रिणी,

तू पाठवलेला मावशींच्या मृत्यूनंतरच्या रक्ततपासणीच्या अहवालाचा फोटो काल रात्री मोठा करून तीनदा वाचला. फोनवर मी नुसतं ‘बघून सांगते’ म्हणाले, त्याचा तुला राग आला असेल. पण तुझ्या मागे माणसं बोलत होती, आणि अशा वेळी माझं अर्धं वाक्य कानावर पडलं की उरलेलं अर्धं ज्याचं तो जोडून घेतो. म्हणून लिहूनच काढते. लांबेल, पण माझ्या लांबणीची तुला सवय आहे.

अहवालातली ओळ अशी: ‘डिगॉक्सिन, ५.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर.’ पुढे कंसात ‘विषारी पातळी’. मग नातेवाइकांचा हिशोब सरळ आहे. मावशींना गोळ्या सून, म्हणजे वहिनी, द्यायची, रक्तात औषध जास्त निघालं, म्हणजे सुनेनं जास्त दिलं. तू विचारलंस, ‘हे विष आहे का?’ अगं, डिगॉक्सिन विषही आहे आणि हृदयाचं औषधही. डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडातून ते मिळतं, आणि औषधाची मात्रा व घातक मात्रा यांच्यातली फट फार अरुंद असते. जिवंत माणसाच्या रक्तात ते २ च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. त्या मापानं ५.२ भयंकरच दिसणार. पण ते माप जिवंत माणसाचं आहे, आणि मावशींचं रक्त काढलं तेव्हा त्या जिवंत नव्हत्या. सगळी गोम इथे आहे.

माणूस गेला की रक्त वाहायचं थांबतं, औषध मात्र थांबत नाही. जिवंतपणी डिगॉक्सिन हृदयाच्या स्नायूला चिकटून बसतं. तिथे त्याचं प्रमाण रक्ताच्या कित्येक पट असतं. मृत्यूनंतर पेशींची आवरणं सैल पडतात आणि साठलेलं औषध शेजारच्या रक्तात पाझरायला लागतं. हृदयाच्या कप्प्यातलं रक्त सगळ्यात जवळचं, म्हणून तिथला आकडा चांगलाच फुगतो. मांडीच्या शिरेतलं रक्त लांब, तिथे हा परिणाम कमी. एकाच देहात, एकाच वेळी, दोन ठिकाणची दोन उत्तरं, आणि दोन्ही यंत्रानं अचूक मोजलेली! १९९० मध्ये दोन संशोधकांनी एकेका देहातल्या अनेक जागांचं रक्त तपासलं, तेव्हा काही औषधांचे आकडे जागेनुसार कित्येक पटींनी बदलताना दिसले. या प्रकाराला त्यांनी विषशास्त्राचं दुःस्वप्न म्हटलं. मला तो शब्द मुळीच अतिशयोक्त वाटत नाही.

कारण मी स्वतः त्यात एकदा आपटले आहे. प्रयोगशाळेतल्या नोकरीचं दुसरं वर्ष. एका प्रकरणात अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध प्रचंड निघालं. मी जोरात ‘घातक पातळी’ लिहून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सही केली नाही. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं, ‘हे रक्त कुठलं?’ मी म्हणाले, मृताचं. ‘ते कळलं गं. मृताच्या अंगातलं कुठलं?’ बाटलीवर फक्त ‘रक्त’ असं लिहिलेलं होतं. चौकशी केली तर ते हृदयातलं. नशिबानं मांडीचंही राखून ठेवलं होतं. त्यातला आकडा जेमतेम एक तृतीयांश भरला, म्हणजे नेमानं गोळ्या घेणाऱ्या माणसात सापडावा तेवढाच. मृत्यूचं कारण पुढे डॉक्टरांना हृदयाच्या धमनीत मिळालं. त्या दिवसापासून बाटली हातात आली की मी आधी लेबल वाचते.

चांगला नमुना कसा घेतात ते मी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभी राहून पाहिलं आहे. मांडीची शीर उघडी करून पोटाच्या बाजूनं दोऱ्यानं बांधतात, म्हणजे वरचं रक्त खाली ओढलं जात नाही. मग गाठीच्या खालून सुईनं सावकाश काढतात. पाय दाबून रक्त पिळायचं नाही, हा नियम. नळीत सोडियम फ्लोराइड असतं, नाहीतर जंतू साखरेपासून बाटलीतच अल्कोहोल तयार करतात आणि आयुष्यात थेंबालाही न शिवलेला माणूस कागदावर दारुडा ठरतो.

मग डोळा. बाहेरच्या कोपऱ्यातून बारीक सुई आत जाते आणि बुबुळामागचा पारदर्शक द्रव हळूहळू वर येतो, एका डोळ्यातून दोन-तीन मिलिलिटर. घाई केली तर आतला पडदा ओढला जाऊन द्रव गढुळतो. काढून झालं की तेवढंच पाणी परत भरतात, म्हणजे घरच्यांना चेहरा खोल गेलेला दिसू नये. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुईपेक्षा ते पाणी भरणंच माझ्या जास्त लक्षात राहिलं. हा द्रव आमच्या फार कामाचा. तो बाकीच्या शरीरापासून आडोशाला असतो, लवकर सडत नाही, आणि मृत्यूनंतरची उलथापालथ तिथे उशिरा पोहोचते. शिवाय युरिया आणि क्रिएटिनिन त्यात बरेच दिवस स्थिर राहतात, म्हणजे मूत्रपिंडं शेवटी कशी चालत होती तेही कळतं.

हे मुद्दाम लिहितेय. डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं. म्हाताऱ्या माणसाचं पाणी पिणं कमी झालं, जुलाब झाले, मूत्रपिंडं मंदावली, की रोजचीच गोळी अंगात साचत जाते. त्यात एखादं अँटिबायोटिक, उदाहरणार्थ क्लॅरिथ्रोमायसिन, किंवा हृदयाचंच अमिओडॅरोन सुरू झालं असेल तर पातळी आणखी चढते. कुणी एकही गोळी जास्त दिलेली नसते. तुझ्या बोलण्यात आलं होतं की शेवटच्या आठवड्यात मावशींना खोकला-ताप होता. तेव्हा काय औषध चालू झालं ते मला हवंय.

आता दुसरी शंका: सापडलं ते खरंच डिगॉक्सिन होतं का? पहिली चाळणी बहुधा अँटिबॉडीवर चालणारी असते. कुलपाला जवळपास बसणारी दुसरी किल्लीही तिथे चालून जाते. मूत्रपिंडं बिघडलेल्यांच्या शरीरात डिगॉक्सिनसारखे वागणारे पदार्थ आपोआपही तयार होतात. म्हणून नंतर मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या तपासणीवर, खात्री करायची असते. ती झाली की नाही, हे अहवालात लिहिलेलं असायला हवं.

ही नसती बारकी चिकित्सा वाटत असेल तर मिसुरीची गोष्ट ऐक. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या त्या राज्यात एक तान्हं बाळ आजारी पडलं. रक्तात इथिलीन ग्लायकॉल सापडल्याचं सांगितलं गेलं. गाड्यांच्या रेडिएटरमध्ये घालतात ते. बाळ आईपासून काढून घेतलं. ती भेटून गेल्यावर ते पुन्हा आजारी पडलं आणि गेलं. दोन प्रयोगशाळांचा निष्कर्ष एकच, त्यामुळे आईला अटक. कोठडीत असताना तिला दुसरा मुलगा झाला. तो तिच्यापाशी नव्हताच, तरी तशीच लक्षणं दिसली. त्याला मिथाइलमॅलोनिक अॅसिडिमिया हा जन्मजात चयापचयाचा विकार निघाला, ज्यात प्रोपिओनिक आम्ल शरीरात साठतं. तरीही १९९१ च्या सुरुवातीला आईला जन्मठेप झाली. मग काही शास्त्रज्ञांनी पहिल्या बाळाचे राखलेले नमुने पुन्हा तपासले. तपासणीच्या आलेखावरच्या ज्या शिखराला ग्लायकॉल म्हटलं होतं, ते प्रोपिओनिक आम्लाचं होतं. त्याच वर्षी आरोप मागे घेतले गेले. दोन शिखरं शेजारी-शेजारी आली, एवढंच झालं होतं. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते आणि दर वर्षी माझ्याच पोटात गोळा येतो.

सापडलेलं आलं कुठून, हा प्रश्न काही नवा नाही. जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञानं आर्सेनिक ओळखायची चाचणी १८३६ मध्ये प्रसिद्ध केली. १८४० मध्ये फ्रान्समध्ये नवऱ्याला आर्सेनिक दिल्याच्या आरोपावरून चाललेल्या लाफार्ज खटल्यात स्थानिक रसायनतज्ज्ञांचं एकमत होईना, तेव्हा पॅरिसहून ऑर्फिला हा विषतज्ज्ञ आला. त्यानं पुरलेल्या देहात आर्सेनिक दाखवलंच, पण ते थडग्याच्या मातीतून झिरपलेलं नाही, हेही सांगावं लागलं.

आणि लोकांना वाटतं तसं आम्हाला सगळं सापडतंही नाही. पोटॅशियम टोचून कुणाला मारलं तर रक्त तपासून फारसा उपयोग नाही, कारण मृत्यूनंतर प्रत्येकाच्याच पेशींमधून पोटॅशियम बाहेर येतं. तिथे सुईचा व्रण, रिकामी कुपी, कोण खोलीत होतं, हेच बोलतं. मृत्यूचं कारण तसंही आम्ही लिहीत नाही. आम्ही पदार्थ आणि प्रमाण सांगतो. कारण शवविच्छेदन करणारे डॉक्टर ठरवतात, हृदयाची अवस्था, जुने कागद, घटनास्थळ हे सगळं एकत्र पाहून. म्हणून कंसातला तो ‘विषारी पातळी’ शेरा मला खटकला. जिवंत माणसाच्या तक्त्यावरून तो छापला असावा असा माझा संशय आहे.

आता नीट ऐक, कारण हे तुला आवडणार नाही. वहिनीनं काही केलं नाही, असं मी म्हणत नाहीये. ते मला या आकड्यावरून सांगता येत नाही, तसंच तिनं केलं हेही कुणाला सांगता येत नाही. चुकून दुहेरी गोळी गेली असेल, मावशींनी विसरून स्वतःच परत घेतली असेल, औषध साचलं असेल, किंवा हृदय आपलं आपण थांबलं असेल आणि आकडा नंतर फुगला असेल. ५.२ मध्ये या सगळ्यांना जागा आहे.

तेव्हा पुढचं बोलणं होईपर्यंत दोन कामं कर. गोळ्यांची शिल्लक पाकिटं आणि शेवटची चिठ्ठी कुणी फेकायच्या आत एका पिशवीत घालून ठेव. किती गोळ्या आणल्या, किती उरल्या, हे मोजता आलं पाहिजे. मोजायला वहिनीलाही बोलव, तिच्या मागे मोजू नकोस. मूत्रपिंडाची शेवटची रक्ततपासणी कधी झाली तेही शोध.

आणि अहवालाचं दुसरं पान फोटोत आलेलंच नाही. पहिल्या पानावर ‘नमुना: रक्त’ एवढंच आहे, अगदी माझ्या त्या जुन्या बाटलीसारखं. मागच्या पानावर रक्त कुठून घेतलं, मृत्यूनंतर किती तासांनी घेतलं आणि डोळ्यातला द्रव ठेवला आहे का, याचे रकाने असतील. ते पान आज रात्रीच पाठव. मी जागी आहे.

तुझीच,
प्रयोगशाळेतली