समुद्रातल्या कचऱ्याचं खापर कोळ्यांच्या माथी का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला सागरी प्लास्टिकवरचा लेख वाचून राहवलं नाही. जाळ्यात अडकलेल्या कासवाचा फोटो मोठा छापलात, मच्छीमारांना चार परिच्छेद झोडपलंत आणि शहराच्या नाल्यांवर जेमतेम एक ओळ! जाळी नायलॉनची असतात, तुटून समुद्रात राहतात, कासवांचा जीव घेतात, हे मान्य. पण कर्ज काढून घेतलेलं जाळं कुणी हौसेने समुद्रात सोडत नाही.

आमची डोल, म्हणजे पाण्यात एका जागी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. पाण्याबरोबर जे वाहत येईल ते सगळं खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या निमुळत्या टोकात, जमा होतं. मागच्या वर्षी गणपतीनंतरच्या उधाणाला आमच्या मालकांना खोला वर घेता येईना. चार जणांनी मिळून ओढला तेव्हा बोंबील ओंजळभर आणि खाली नुसत्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शॅम्पूची पाकिटं, सलाईनच्या नळ्या. जाळं फाटलं ते वेगळंच. हे सामान कोळीवाड्यातून गेलं होतं का? तरीही त्यांनी ते परत पाण्यात टाकलं नाही, गोण्या भरून धक्क्यावर आणलं. कचऱ्याच्या गाडीवाल्याने हात लावला नाही. म्हणाला, हा समुद्राचा कचरा, वस्तीचा नाही. गोण्या तिथेच पडून राहिल्या आणि पुढच्या उधाणात वाहून गेल्या. ही जबाबदारी कुणाची, ते तुमच्या लेखकाने लिहावं.

जवळा निवडायला बसतो तेव्हा थर्माकोलचे पांढरे कण त्यात मिसळलेले असतात. एकेक वेचून काढताना डोळे दुखतात, आणि एखादा राहिला तर गिऱ्हाईक आम्हालाच बोल लावतं. बोटीच्या पंख्याला पिशवी गुंडाळली की बोट भर खाडीत बंद पडते.

राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ ची, देशात एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवरची २०२२ ची. नाल्यात मात्र सगळं तसंच. कासव सोडवायला जाळं कापलं तर वन विभाग २५ हजारांपर्यंत भरपाई देतो. योजना चांगलीच आहे, पण प्लास्टिकने फाटलेल्या जाळ्याला दमडी मिळत नाही. केरळात कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात २०१७ साली 'शुचित्व सागरम' सुरू झालं. बोटवाले जाळ्यातलं प्लास्टिक किनाऱ्यावर आणतात, बायका ते मजुरीवर निवडतात, मग त्याचा चुरा करून रस्त्याच्या डांबरात घालतात. आमच्या प्रत्येक धक्क्यावर निदान ते उचलून नेणारी एक गाडी तरी लावा. निवडायचं काम आम्ही करू.

आणखी एक. पावसाळ्यात तुमचा अंक आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत येतो. ती पिशवी बंद करायला वितरणवाल्यांना कृपया सांगा.

आपली,
एक मासेविक्रेती वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)