‘ब्लो इन’ म्हणजे नुसतं ‘येणे’ नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अलिबाग तालुक्यात घरी इंग्रजीच्या ट्यूशन घेते, आठवी ते दहावीची मुलं येतात, सगळी मराठी माध्यमाची. तुमच्या पेपरात मुलांच्या पानावर इंग्रजी फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला इन, अप असा छोटा शब्द जोडून होणारा शब्दप्रयोग) आणि शेजारी त्याचा एका शब्दात मराठी अर्थ अशी चौकट असते, ती मी कापून वहीत चिकटवते, मुलंही आवडीने वाचतात. त्या चौकटीबद्दलच एक गोष्ट मनापासून सांगायची आहे.

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलीने पत्रलेखनात स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्यांना आमंत्रण लिहिलं. त्यात वाक्य होतं, ‘वी रिक्वेस्ट यू टू ब्लो इन ॲट टेन ओक्लॉक.’ मी विचारलं हे कुठून आणलंस, तर तिने गाइडचं शेवटचं पान उघडून दाखवलं, तिथे यादीत छापलेलं होतं, ‘ब्लो इन – येणे’. पोरीने पाठ केलं आणि वापरलं, यात तिचं काय चुकलं? मी तिला म्हटलं, अगं हे म्हणजे पाहुण्यांना ‘दहा वाजता टपका’ असं लिहिल्यासारखं झालं. तिचा हात तोंडावर गेला आणि लगेच रबर घेऊन ती खोडायला बसली. टपकणे म्हटल्याबरोबर तिला जे कळलं ते ‘येणे’ या शब्दाने कधीच कळलं नसतं.

खरं तर आपल्याकडे यासाठी किती शब्द आहेत. आला, टपकला, उगवला, येऊन थडकला, अवतरला, कडमडला, आणि बऱ्याच दिवसांनी कोणी दारात दिसलं की आपण विचारतो, काय आज वाट चुकलात का! प्रत्येकाची जागा वेगळी, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं, कोणी शिकवावं लागत नाही. मग इंग्रजीचं सांगताना आपण या सगळ्या शब्दांना बाजूला ठेवून फक्त ‘येणे’ का देतो? ब्लो इन म्हणजे काही न कळवता, अचानक, वाऱ्याने आणून टाकल्यासारखं येणं, आणि तेही मित्रांच्या गप्पांत बोलायचं, अर्जात किंवा आमंत्रणात नाही.

मी त्या दिवशी मुलांना वारा आठवायला सांगितलं. आमच्याकडे वारा म्हटलं की निसर्ग वादळच, ३ जून २०२०. ही मुलं तेव्हा तिसरी-चौथीत होती पण सगळं आठवतं त्यांना, पत्रे उडाले, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, किती दिवस लाइट नव्हती. मग फळ्यावर पहिलं वाक्य झालं, ‘अ स्टॉर्म ब्लू इन फ्रॉम द सी.’ एकजण म्हणाला बाई, आमच्या खिडकीची काच फुटली आणि सगळा पाला घरात आला, झालं दुसरं वाक्य, ‘ड्राय लीव्हज ब्लू इन थ्रू द विंडो.’ (इथे तिघांनी निळ्या रंगाचं स्पेलिंग लिहिलं, उच्चार सारखाच ना, मग ब्लो-ब्लू-ब्लोन पुन्हा घोकून घेतलं.)

आणि मग एका मुलीने जे विचारलं ते मी विसरणार नाही. वादळानंतर फोन बंद, लॉकडाऊन चालू, आणि तिसऱ्या दिवशी तिचा मामा पनवेलहून बाइकवर मेणबत्त्या, बिस्किटं आणि ताडपत्री घेऊन दारात उभा, कोणालाच माहीत नव्हतं तो येतोय ते. ‘बाई, मग मामा ब्लू इन म्हणायचं का?’ मी थोडी थांबले कारण नुसत्या अर्थाप्रमाणे बघितलं तर बरोबर आहे, अचानक आला, न कळवता आला. पण मी ‘नाही’ असंच सांगितलं. काळजीने, धडपडत, ठरवून आलेल्या माणसाला ब्लो इन म्हटलं तर ते हलकं पडतं, तिथे ‘टर्न्ड अप’ बरं, किंवा सरळ ‘केम’. मामाला आपण मराठीत तरी टपकला म्हणू का? पोरं एकसाथ नाही म्हणाली.

मान्सूनचंही तसंच. तो ‘सेट्स इन’, म्हणजे येतो आणि चार महिने बसतो. पण २०२५ ला मुंबईत ११ जूनच्या नेहमीच्या तारखेऐवजी तो २६ मेलाच आला, त्यावर एका मुलाने ‘द मान्सून ब्लू इन सिक्स्टीन डेज अर्ली’ असं लिहिलं आणि मी त्याला पूर्ण मार्क दिले, कारण त्याने पाठांतर नाही केलं, विचार केला.

आणखी एक सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिथल्या शेजारणीने तिची ओळख करून देताना ‘शी इज अ ब्लो-इन’ म्हटलं तेव्हा तिला वाईट वाटलं, रात्री मला फोन केला. तिला फक्त ‘येणे’ माहीत होतं. मी सांगितलं, अगं तिकडे बाहेरून येऊन राहिलेल्याला तसंच म्हणतात, डब्लिनहून खेड्यात राहायला गेलेला आयरिश माणूससुद्धा वर्षानुवर्षं ब्लो-इनच राहतो. आपल्याकडे उपरा म्हणतात तसं, पण पुष्कळदा प्रेमाने म्हटलेलं. मग तिचा आवाज जरा सुटला.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी मुलं दहावीला आली की बोलायला घाबरतात, आणि मला वाटतं त्यात एकाच शब्दात अर्थ देणाऱ्या या याद्यांचा मोठा हात आहे.

म्हणून विनंती अशी की तुमच्या चौकटीत अर्थ एका शब्दात देऊ नका. दोन वाक्यं द्या, एक जिथे तो शब्द चालतो आणि एक जिथे अजिबात चालत नाही, आणि शेजारी आपला टपकणे-थडकणेसारखा घरचा शब्द ठेवा. जागा कमी पडत असेल तर रोज एकाऐवजी आठवड्याला तीनच द्या, चालेल आम्हाला. वाक्यं हवी असतील तर माझ्या मुलांच्या वहीत भरपूर आहेत, आनंदाने पाठवेन.

आपली नम्र,
एक ट्यूशनवाल्या बाई, अलिबाग तालुका