मंगळाच्या छायाचित्राखाली मोजमापही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळावरून आलेली छायाचित्रे आपण आवर्जून छापता, त्यांना ऐसपैस जागा देता, याचा आम्हाला आनंदच आहे. तक्रार आहे ती चित्राखालच्या ओळीबद्दल. ‘मंगळावरील विवराचे विहंगम दृश्य’ एवढेच तिथे असते. जमिनीपासून दीड मीटरवरच्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य विहंगम कसे? समोरची टेकडी शंभर मीटरवर आहे की बारा किलोमीटरवर, रंग डोळ्यांना दिसतील तसे आहेत की मुद्दाम गडद केलेले, हे वाचकाला कळायला मार्गच नसतो. त्या ओळीत कॅमेरा, मंगळदिन (मोहिमेचा मंगळावरचा कितवा दिवस), अंतर आणि रंगाचा प्रकार एवढे चारच तपशील आले, तरी चित्र नुसते पाहण्यापुरते न राहता वाचता येते. मंगळावर फिरणारी नासाची चाकांची यंत्रगाडी, ऑपॉर्च्युनिटी रोव्हर, एन्डेव्हर विवराकडे निघाला तेव्हा जगभरच्या हौशी अभ्यासकांनी नेमके हेच केले.

हा रोव्हर २५ जानेवारी २००४ रोजी मेरिडियानी प्लॅनम या मैदानात उतरला, तोच २२ मीटर रुंदीच्या ईगल विवरात. पुढे सुमारे १३० मीटरचे एन्ड्युरन्स, मग सप्टेंबर २००६ मध्ये सुमारे ८०० मीटरचे व्हिक्टोरिया. ऑगस्ट २००८ मध्ये व्हिक्टोरियातून बाहेर पडल्यावर पुढचे लक्ष्य ठरले एन्डेव्हर, व्यास २२ किलोमीटर. आपले लोणार सुमारे १.८ किलोमीटरचे आहे. म्हणजे व्हिक्टोरिया लोणारच्या निम्म्याहून लहान, तर एन्डेव्हर लोणारच्या बारापट. अंतर सरळ रेषेत १२ किलोमीटरच्या आसपास, पण प्रत्यक्षात रोव्हर सुमारे २१ किलोमीटर चालला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी काठावर पोहोचला. त्या जागेला ‘स्पिरिट पॉइंट’ नाव दिले गेले, मार्च २०१० नंतर कायमचा मुका झालेल्या ‘स्पिरिट’ या जुळ्या रोव्हरच्या आठवणीत.

या तीन वर्षांत रोव्हरची कच्ची छायाचित्रे पृथ्वीवर पोहोचली की काही तासांत सर्वांसाठी खुली होत. अधिकृत निवेदन येण्याची वाट पाहावी लागत नसे, कारण फाइलच्या नावातच बरेच काही असते. पहिला अंक रोव्हरचा, १ म्हणजे ऑपॉर्च्युनिटी. दुसरे अक्षर कॅमेऱ्याचे: पी म्हणजे पॅनकॅम (खांबावरचा, दोन डोळ्यांचा, दूरचे दृश्य टिपणारा), एन म्हणजे नॅव्हकॅम (वाट ठरवण्यासाठीचा), एफ आणि आर म्हणजे पुढचा व मागचा हॅझकॅम (चाकांजवळचे अडथळे पाहणारा). त्यानंतरचे नऊ अंक म्हणजे १ जानेवारी २००० च्या मध्यान्हापासून मोजलेले सेकंद. पुढची तीन अक्षरे चित्र पूर्ण आहे, कापलेले आहे की नुसती ६४ बाय ६४ पिक्सेलची लघुप्रतिमा आहे ते सांगतात. त्याला लागून येणारी चार चिन्हे रोव्हरच्या जागेची. ती बदलली की रोव्हर हलला. लघुप्रतिमा बहुधा आधी येत, त्यामुळे आज गाडी चालली का, हे मोठे चित्र येण्याआधीच कळे. मंगळदिन आपल्या दिवसापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा असल्याने चित्रे येण्याची वेळ मात्र रोज तेवढी पुढे सरके.

आता अंतराचे. पॅनकॅमचा एक पिक्सेल १ किलोमीटरवर साधारण २७ सेंटीमीटर झाकतो. लोणारच्या एका काठावर पॅनकॅम ठेवला आणि समोरच्या काठावर माणूस उभा केला, तर तो चित्रात जेमतेम साडेतीन पिक्सेल उंच दिसेल. मार्च २००९ मध्ये एन्डेव्हरचा काठ पॅनकॅमच्या चित्रात दिसू लागला. त्यातली जवळची बाजू तेव्हा सुमारे १२ किलोमीटरवर होती आणि पलीकडची ३४ किलोमीटरवर. १२ किलोमीटरवर एका पिक्सेलमध्ये सव्वातीन मीटर मावतात, म्हणजे शंभर मीटर उंचीची टेकडी तीसच पिक्सेलची. त्यात मंगळाची गोलाई. दीड मीटर उंचीवरून सपाट जमिनीचे क्षितिज सुमारे ३.२ किलोमीटरवरच संपते. मधली जमीन सपाट धरली, तर १२ किलोमीटरवरच्या टेकडीचा खालचा ११ मीटरचा भाग क्षितिजाआड जातो आणि ३४ किलोमीटरवरच्या काठाचा तब्बल १४० मीटरचा. म्हणून पलीकडचा काठ सलग भिंतीसारखा न दिसता सुट्या बेटांसारखा दिसे. हवेत धूळ वाढली की तीही बेटे नाहीशी होत. रोव्हरने तोंड फिरवले किंवा वाट बदलली, असा निष्कर्ष तेवढ्यावरून काढू नये. आधी त्याच दिवसाचे सूर्याकडे रोखलेले चित्र पाहावे आणि धूळ किती आहे ते तपासावे.

टेकडी किती दूर आहे, हे ठरवायला पॅनकॅमचे दोन डोळे पुरत नाहीत. त्यांच्यात अंतर ३० सेंटीमीटर, त्यामुळे १ किलोमीटरवरची वस्तू दोन चित्रांत जेमतेम एका पिक्सेलने सरकते. उपाय असा, की रोव्हरलाच डोळा मानायचे. आज एका थांब्यावरून आणि उद्या शंभर मीटर बाजूला गेल्यावर दुसऱ्या थांब्यावरून तीच टेकडी टिपली, तर १२ किलोमीटरवर ती सुमारे ३१ पिक्सेल सरकते. मोजण्यात एका पिक्सेलची चूक झाली तरी अंतर चारशे मीटरच्या आतबाहेर येते. इथे दोन ठिकाणी हमखास गफलत होते. कॅमेरा दोन्ही वेळा नेमका एकाच दिशेला रोखलेला नसतो, म्हणून सरकणे मागच्या काठाच्या तुलनेत मोजावे लागते. पण ३४ किलोमीटरवरचा तो काठही ११ पिक्सेल सरकलेला असतो. त्याला स्थिर धरले तर फरक वीसच पिक्सेल भरतो आणि टेकडी आहे त्यापेक्षा किती तरी दूर दाखवली जाते. दुसरी गफलत दिशेची. रोव्हर टेकडीच्या रोखाने सरळ चालला असेल तर बाजूचे सरकणे मिळतच नाही, आणि शंभर मीटर जवळ गेल्याने टेकडीची उंची एका पिक्सेलनेही वाढत नाही.

रंगाच्या बाबतीत तर सर्वांत जास्त चुका होतात. पॅनकॅम रंगीत कॅमेरा नव्हे. एकेका रंगाच्या गाळणीतून (फिल्टरमधून) काळीपांढरी चित्रे घ्यायची आणि नंतर ती एकावर एक ठेवायची, अशी त्याची रीत. डाव्या डोळ्याच्या दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या गाळणीची चित्रे अनुक्रमे लाल, हिरव्या व निळ्याच्या जागी बसवतात. त्यांच्या तरंगलांबी ७५३, ५३५ आणि ४३२ नॅनोमीटर. यातली ७५३ नॅनोमीटर अवरक्ताच्या सीमेवरची, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. शिवाय कच्च्या चित्रांत प्रत्येकाचा उजेड संगणक स्वतंत्रपणे ताणतो, सर्वांत गडद बिंदू काळा आणि सर्वांत उजळ बिंदू पांढरा करून. तीन चित्रे अशी वेगवेगळी ताणलेली असताना तशीच एकत्र केली की आकाश निळे आणि माती हिरवट दिसते, आणि अशा चित्रांवरून मग ‘मंगळावर निळे आकाश’ असे मथळे होतात. दुरुस्तीसाठी रोव्हरच्या पाठीवर रंग जुळवण्यासाठी बसवलेल्या सूर्यघड्याळाची करडी वर्तुळे आणि कोपऱ्यांतले रंगीत तुकडे पाहायचे. करडे करडेच दिसेपर्यंत तिन्ही चित्रांचा उजेड जुळवायचा. वर्तुळांवर धूळ बसलेली असली तर ती मुळातच तांबूस झालेली असतात आणि त्यांच्यावरून जुळवलेले चित्र निळसर होते, हेही ध्यानात ठेवायचे. तीन चित्रांच्या मधल्या वेळेत सावली सरकते, म्हणून खडकाच्या कडेला रंगीत झालर उमटते. ते खनिज नव्हे.

बारा किलोमीटरचे एकवीस का झाले, याचे उत्तर वाळूत आहे. एप्रिल २००५ मध्ये हाच रोव्हर जेमतेम ३० सेंटीमीटर उंचीच्या वाळूच्या वरंब्यात सहाही चाकांनी रुतला. त्या जागेला ‘पर्गेटरी’ म्हणतात. चाके जागच्या जागी फिरत राहिली आणि रोव्हर मात्र आपण पुढे जात आहोत असेच समजत राहिला. सुटका ४ जून रोजी झाली, तोवर चाके १९२ मीटर चालण्याइतकी फिरली होती. तेव्हापासून वाटेत थांबून, चित्रे ताडून, खरोखर किती पुढे गेलो हे तपासण्याची पद्धत पडली. एन्डेव्हरच्या सरळ वाटेवर मोठे वरंबे होते, म्हणून आधी दक्षिणेला आणि मग पूर्वेला, असा वळसा घेतला गेला. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या चित्रात एक पिक्सेल २५ ते ३० सेंटीमीटरचा असतो. त्यात वरंबे एकेक मोजता येत, आणि हौशी मंडळी उद्याची वाट त्यावरच आखून पाहत. पुढच्या उजव्या चाकाची मोटर जास्त वीज ओढू लागल्याने रोव्हर बराचसा रस्ता उलटा चालला. अशा दिवशी जायच्या दिशेचे चित्र मागच्या हॅझकॅममध्ये शोधावे लागे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. एन्डेव्हरचा काठ मैदानापेक्षा जुन्या खडकाचा आहे, आणि तिथे चिकणमातीवर्गीय खनिजे असल्याची खूण कक्षेतून आधीच मिळाली होती. पोहोचल्यावर काही महिन्यांतच काठालगत जिप्समची शीर सापडली. भेगेतून वाहिलेल्या पाण्याने साठवलेली ती उजळ रेघ जेमतेम अंगठ्याएवढी रुंद होती. मोजमाप न देता छापली तर तीही डोंगरातली भेगच वाटेल.

ऑपॉर्च्युनिटी ४५.१६ किलोमीटर चालून जून २०१८ मध्ये थांबला. आता नासाचाच पर्सिव्हरन्स रोव्हर ४५ किलोमीटर व्यासाच्या जेझेरो विवराचा काठ चढून वर गेला आहे आणि त्याचीही कच्ची चित्रे खुली आहेत. त्याच्या मास्टकॅम-झेड या खांबावरच्या कॅमेऱ्याला भिंगाची लांबी २६ ते ११० मिलिमीटर बदलता येते, त्यामुळे पिक्सेलचे माप दर चित्राला वेगळे. ते सोबतच्या नोंदीत दिलेले असते. विज्ञान पानासाठी चित्र निवडताना तेवढी नोंद उतरवून घ्यावी आणि चित्राखाली अशी ओळ द्यावी: ‘मास्टकॅम-झेड, मंगळदिन अमुक, समोरची टेकडी सुमारे इतक्या किलोमीटरवर, रंग नैसर्गिकाच्या जवळचे’ किंवा ‘रंग वाढवलेले’.

आपले,
काही हौशी आकाशनिरीक्षक, पुणे